विजेच्या गाडीची परीक्षा

सोलापुराहून बीडकडे जाणारा मोठा रस्ता तुळजापूर, धाराशिव, येरमाळा असा आपल्या जिल्ह्यातून जातो. पुण्याहून हैदराबादला जाणारा दुसरा रस्ता नळदुर्ग आणि उमरगा या गावांवरून जातो. या रस्त्यांच्या कडेला घडीभर उभे राहा आणि गाड्यांच्या नंबराच्या पाट्या पाहा. घरच्या वापराच्या गाडीची पाटी पांढरी असते. भाड्याच्या गाडीची पिवळी असते. मधूनच एखादी पाटी हिरवीगार दिसेल. ती गाडी विजेवर चालणारी. हिरव्या पाटीवरचे आकडे पांढरे असले तर गाडी घरची, पिवळे असले तर भाड्याची.

पूर्वी अशी गाडी आपल्याकडे औषधालाही सापडत नव्हती. आता कुणाच्या दारात विजेची स्कूटर उभी असते, तर कुणी विजेच्या रिक्षातून बाजाराला जातो. एस. टी.चेच पाहा. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. (तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्या वाट्याला ती गाडी आली नाही, ते असो.) त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच रस्त्यावर एस. टी.ची विजेवरची पहिली गाडी धावली. तिचे नाव ‘शिवाई’.

अशा गाडीची गोष्ट निघाली की पारावर एक प्रश्न हमखास येतो. “पावसात ह्या गाडीत बसलं तर करंट मारत न्हाई का?”

प्रश्न शहाण्या माणसाचा आहे. विजेची ओळख आपल्याला पुस्तकातून झालेली नाही. ती शेतात झाली आहे. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावला आणि माणूस गेला, तुटलेल्या तारेवर बैल पडला, अशा गोष्टी प्रत्येक गावात घडलेल्या आहेत. तेव्हा ज्या गाडीच्या तळाशी विजेचा साठा आहे, तिच्यात लेकराबाळांसकट बसायचे आणि वरून पाऊस कोसळतो आहे, म्हणजे भीती वाटणारच.

उत्तर असे की पावसात बसले म्हणून करंट लागत नाही. पण हे आपोआप होत नाही. गाडी रस्त्यावर येण्याआधी काही माणसे तिची परीक्षा घेतात. तिला पाण्यात घालतात, हलवतात, तापवतात, आणि वीज कुठे झिरपते काय ते मोजतात. या लेखात आपण ती परीक्षा समजून घेऊ. आमच्या ओळखीचा परांडा तालुक्यातला एक मुलगा पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात हेच काम करतो. सुट्टीला आला की आम्ही त्याला बसवून घेतो आणि विचारतो. पुढे लिहिलेले पुष्कळसे त्याने समजावून दिलेले आहे.

आधी विजेचा दाब म्हणजे काय ते पाहू. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर अधिक. विजेच्या जोराला दाब म्हणतात आणि तो व्होल्ट या मापाने मोजतात. हातबत्तीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो. घरातली वीज २३० व्होल्टची. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरीची ४०० च्या पुढे. डीपीवर येणारी मोठी लाइन ११ हजार व्होल्टची.

विजेच्या गाडीतला एक सेल मात्र अगदी लहान असतो. साधारण तीन ते पावणेचार व्होल्टचा. त्याला हात लावला तरी काही कळणार नाही. पण हातबत्तीत आपण एकामागे एक सेल घालतो ना, तसे शंभर सेल एकापुढे एक जोडले की साडेतीनशे व्होल्ट होतात. मोटारगाडीत साधारण एवढे असतात. बसमध्ये दाब ६०० व्होल्टच्या पुढेही जातो. स्कूटरमध्ये बहुधा ४८ ते ७२ व्होल्ट असतात.

या वाहनांच्या नियमांत एक रेघ ओढलेली आहे. सेलमधून निघणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज ६० व्होल्टच्या वर गेली की ती ‘हाय व्होल्टेज’, म्हणजे धोक्याची. डीपीवाल्या माणसाला ६० व्होल्ट म्हणजे काहीच नाही. पण गाडीत माणूस धातूला टेकून बसलेला असतो, घामाने भिजलेला असतो, म्हणून रेघ इतकी खाली ओढली आहे. या रेघेच्या वरची वीज ज्या तारांतून जाते, त्या तारांचे वेष्टण नारिंगी रंगाचे करतात. जगात कुठेही जा, रंग तोच.

एकाच दिशेने वाहणाऱ्या या विजेला डी. सी. म्हणतात. ती घरच्या विजेपेक्षा एका बाबतीत खट्याळ आहे. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा क्षणभर शून्यावर येते. त्यामुळे बटण काढताना पडलेली ठिणगी लगेच विझते. डी. सी. कधी शून्यावर येत नाही. चालू तार ओढली तर ठिणगी तुटत नाही, लांबच लांब ताणली जाते आणि तांबे वितळवते. आपल्या शेतात आता सौर पंप आले आहेत. त्या पाट्यांच्या तारांतही हीच डी. सी. असते, आणि पाट्या एकापुढे एक जोडल्यावर दाब शेकडो व्होल्ट होतो. ऊन आहे तोवर पाटीतली वीज बंद करायला बटण नाही. भर उन्हात त्या तारांचे जोड ओढू नयेत, ते याच कारणाने.

आता मुख्य गोष्ट. तारेवर बसलेले पाखरू का मरत नाही? लहानपणी प्रत्येकाने हे विचारलेले असते. विजेला जायला वाट लागते आणि परत यायलाही वाट लागते. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याच्यातून पुढे जायला वाटच नाही, मग वीज त्याच्या अंगातून जाईल कशाला? आपण मात्र जमिनीवर उभे असतो. आणि डीपीजवळ विजेचे एक टोक मुद्दाम जमिनीला बांधलेले असते, त्याला आपण अर्थिंग म्हणतो. आपण फेजला हात लावला की वीज हातातून पायात, पायातून जमिनीत, जमिनीतून डीपीला अशी फेरी पुरी करते. म्हणून एकाच तारेला हात लागला तरी माणूस मरतो.

गाडीत काय केले आहे? तिथे विजेचे एकही टोक गाडीच्या सांगाड्याला बांधलेले नाही. येणारी तार वेगळी, जाणारी वेगळी. दोन्ही सांगाड्यापासून अलग राखलेल्या. त्यामुळे चुकून एका तारेचे वेष्टण सोलले आणि ती पत्र्याला टेकली, तरी पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाला काही होत नाही. तो तारेवरच्या पाखरासारखा असतो.

मग बरे झाले की! इतके सोपे असेल तर परीक्षा कशाला?

इथेच खरी मेख आहे. द्वाड बैलाला आपण दोन दावी लावतो. रात्री एक दावे तुटले तर काय होते? काहीच नाही. बैल जागेवरच उभा असतो. धनी निवांत झोपतो. दुसरे दावे तुटेल तेव्हा मात्र बैल मोकळा. गाडीतला पहिला दोष असाच मुका असतो. एक तार पत्र्याला टेकली, पण गाडी चालते, दिवे लागतात, कुणाला चटका बसत नाही. गाडी वर्षभरही तशी चालेल. आणि मग एके दिवशी दुसरी तार उघडी पडते. कारागीर एक हात पत्र्यावर ठेवून दुसऱ्या हाताने तिला शिवतो, आणि शंभर सेलांचा सगळा दाब त्याच्या छातीतून जातो. त्या माणसाची चूक काय? त्याने तर एकाच तारेला हात लावला होता.

दुसरे दावे तुटायच्या आधी पहिले तुटल्याचे ओळखायचे, यासाठी ही परीक्षा आहे.

ती कशी घेतात? मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तुम्ही एक डबा पाहिला असेल. जुन्या डब्याला हँडल असते. ते गरागरा फिरवतात आणि काट्याकडे पाहून म्हणतात, “मोटर बॉडीला लागलीय.” त्या डब्याला मेगर म्हणतात. गाडीची परीक्षा घेणाऱ्याकडेही मेगरच असतो, फक्त हँडलाऐवजी त्याला बटण असते. त्याची एक तार गाडीच्या नारिंगी वायरीच्या टोकाला आणि दुसरी सांगाड्याला लावतात. मग मेगर आपल्याकडचा ५०० किंवा १००० व्होल्टचा दाब देतो आणि वेष्टणातून किती वीज झिरपते ते पाहतो. विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप ओहम. अडथळा जितका मोठा, तितके वेष्टण चांगले.

किती अडथळा पुरे, हेही नियमाने ठरले आहे. डी. सी. असेल तर एका व्होल्टमागे निदान १०० ओहम. घरच्यासारखी उलटसुलट वाहणारी ए. सी. असेल तर एका व्होल्टमागे निदान ५००. गाडीच्या मोटरीकडे ए. सी. असते, म्हणून बहुधा ५०० चाच हिशोब धरतात. आपण करून पाहू. गाडी ४०० व्होल्टची. ४०० ला ५०० ने गुणले, २ लाख ओहम झाले. एवढा अडथळा असेल तर माणसाच्या अंगातून फार तर किती वीज जाईल? ४०० भागिले २ लाख. म्हणजे एका अँपियरचे हजार भाग केले तर त्यांतले दोन.

दोन भाग म्हणजे किती, हे कळायला आपल्या मोटरीकडे पाहा. पाच अश्वशक्तीची मोटर सात-आठ अँपियर वीज घेते. घरच्या विजेचा एक हजारांश अँपियर अंगातून गेला तर मुंग्या येतात. दहा हजारांशांच्या आसपास हाताची मूठ आखडते आणि तार सुटता सुटत नाही. तीस हजारांशांच्या पुढे काळजाला धोका. म्हणूनच घरात बसवायचे संरक्षक बटण तीस हजारांशाला तुटते असे बनवतात. म्हणजे मोटर जेवढी वीज खाते तिच्या अडीचशेव्या भागानेही माणूस जाऊ शकतो. हा आकडा आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हांला खोटा वाटला होता. वहीत मांडून पाहिल्यावर पटला.

कोरड्या, नव्या गाडीची परीक्षा सोपी. ती पास होणारच. खरी परीक्षा पाण्याची. नियम असा आहे की दहा सेंटीमीटर पाणी साठवलेल्या हौदातून गाडी ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने पाचशे मीटर चालवायची. हौद लहान असला तर पुन्हा पुन्हा चालवायची. गाडीवर पाण्याचा फवाराही मारायचा, धुताना मारतात तसा. मग अंगावर पाणी निथळत असतानाच मेगर लावायचा. आणि तेवढ्यावर सोडायचे नाही. चोवीस तास थांबून पुन्हा लावायचा.

आम्ही त्या मुलाला विचारले, “अरे, गाडी तर वाळली. मग दुसऱ्या दिवशी कशाला?”

तो म्हणाला, “काका, पाणी लगेच आत जात नसतंय. रबराच्या फटीतनं हळूहळू शिरतंय. पहिल्या दिवशी मीटर चांगला आकडा दाखवतंय, दुसऱ्या दिवशी खरं बोलतंय.”

पारावरच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. पावसात करंट लागत नाही, कारण कुणीतरी दोन दिवस ओल्या गाडीशेजारी बसून मोजलेले असते. आता हेही सांगितले पाहिजे की दहा सेंटीमीटर म्हणजे घोट्याएवढे पाणी. ओढ्याला पूर आलेला असताना गाडी घालावी असा त्याचा अर्थ नव्हे. तशी तर ती डिझेलचीही घालू नये.

बॅटरीची परीक्षा वेगळी असते. तिला यंत्रावर बसवून हलवतात, कारण आपले रस्ते कसे आहेत ते सांगायला नको. थंडीतून एकदम उष्णतेत आणि उष्णतेतून थंडीत नेतात. तिची दोन टोके जाणूनबुजून एकमेकांना जोडतात. भरली तरी आणखी भरतात. स्कूटरची काढून नेता येणारी बॅटरी एक मीटर उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर पाडतात, कारण जिन्यावरून नेताना ती कुणाच्या तरी हातून पडणारच. जळते इंधन खाली ठेवून तिला आगही दाखवतात.

या परीक्षा २०२२ नंतर कडक झाल्या, आणि त्यामागे दुःखाची कारणे आहेत. त्या वर्षी मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि बाप-लेक धुराने गुदमरून गेले. सप्टेंबरात आपल्या वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन एक लहान मूल दगावले. मग सरकारने नियम बदलले. स्कूटर आणि रिक्षा यांच्या बॅटरीसाठी एआयएस १५६ आणि मोठ्या गाड्यांसाठी एआयएस ०३८ असे नियम आहेत. त्यांतल्या वाढीव अटी १ डिसेंबर २०२२ पासून आणि उरलेल्या ३१ मार्च २०२३ पासून लागू झाल्या. एक सेल पेटला तर शेजारचा पेटू नये, निदान बसलेल्या माणसांना उतरायला वेळ मिळावा, हा त्यांचा हेतू. स्कूटर घेताना तिची बॅटरी या नियमात पास झालेली आहे काय, हे दुकानदाराला विचारायला लाजू नका. कागद मागा. वाचता येते ते यासाठीच तर.

मान्यतेची ही परीक्षा कारखानदाराने स्वतःची स्वतः घेऊन चालत नाही. सरकारने नेमलेल्या संस्थेकडे गाडी न्यावी लागते. अशा संस्थांपैकी जुनी आणि मोठी संस्था आपल्या पुण्यात आहे. कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडी आहे, तिच्यावर. तिचे नाव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. नाव लांबलचक, म्हणून लोक एआरएआय म्हणतात. ती १९६६ साली निघाली. तेव्हा तिथे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या तपासत, आता त्यांच्या जोडीला विजेच्याही तपासतात. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची अशीच संस्था आहे. पण संस्था नमुन्याची गाडी तपासते. पुढे कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या कारखान्यातच मेगर लावून बाहेर सोडायच्या असतात. आमचा मुलगा करतो ते काम हे.

आता त्याच्या कामाच्या रीतीकडे येऊ. खरे सांगायचे तर हा लेख लिहावासा वाटला तो या रीतीमुळे.

गाडीचे झाकण उघडून नारिंगी वायरीला हात घालायचा असेल, तर तो आधी गाडीची किल्ली काढतो आणि लांब नेऊन ठेवतो. मग बारा व्होल्टची लहान बॅटरी सोडवतो. ही लहान बॅटरी कशाला, तर मोठ्या बॅटरीच्या दोन्ही तारांवर स्टार्टरसारखी कुलपे असतात. आपल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. लाइट गेली की कॉइलचा जोर जातो आणि स्टार्टर ‘ठक’ करून पडतो. तसेच हे. बारा व्होल्टचा जोर गेला की मोठ्या बॅटरीची वाट तुटते. नारिंगी वायरींच्या टोपणांतून एक बारीक तारही फिरवलेली असते. कुणी न विचारता टोपण उघडले की ती तार तुटते आणि पुन्हा ‘ठक’. हेही परीक्षेत एकेक टोपण काढून पाहतात.

मग तो बॅटरीच्या मधोमध बसवलेला मोठा खटका उपसून काढतो. आणि काय करतो? स्वतःच्या खिशात घालतो. किंवा पेटीत घालून कुलूप लावतो आणि कुलपाची किल्ली खिशात ठेवतो. कारण त्याला साथीदारावर विश्वास नाही असे नव्हे. साथीदाराला कुणीतरी येऊन सांगेल, “गाडी जरा चालू कर,” आणि तो बिचारा खटका लावून मोकळा होईल. आपल्या शिवारात असे किती वेळा झाले आहे! एक जण फ्यूज काढून तार जोडायला गेला. दुसऱ्याची ज्वारी वाळत होती. तो आला, फ्यूज दिसला नाही म्हणून नवा घातला. पुढचे सांगवत नाही. ज्याच्या खिशात फ्यूज होता तोही यात गेला, कारण डीपीला कुलूप नव्हते आणि पाटीही नव्हती.

खटका काढल्यावर तो दहा मिनिटे नुसता थांबतो. पंपाचा कंडेन्सर लाइट गेल्यावरही शॉक देतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. गाडीतही मोठे कंडेन्सर असतात. ते रिकामे व्हायला वेळ द्यावा लागतो. गाडीच्या पुस्तकात किती मिनिटे ते लिहिलेले असते.

मग तो रबरी हातमोजे घालतो. घालण्याआधी मोज्याचे तोंड गुंडाळून आत हवा कोंडतो आणि गालाजवळ नेऊन दाबतो. सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी गालाला वारा लागतो. तसा मोजा फेकून देतात. रबरावर चामड्याचा मोजा चढवतात, रबर फाटू नये म्हणून. दुसरा माणूस जवळ उभा असतो. तो कशालाच हात लावत नाही. त्याच्याकडे वीज न वाहणारी लांब आकडी असते. पहिला चिकटला तर त्याला आकडीने ओढायचे, एवढेच त्याचे काम. दिवसेंदिवस ती आकडी धरून उभे राहायचे आणि तिचा उपयोग करायची वेळ येऊ नये अशी इच्छा करायची. हे काम सोपे नाही.

इतके सगळे झाले. किल्ली काढली, बॅटरी सोडली, खटका खिशात, दहा मिनिटे गेली. वीज बंद आहे ना? तो म्हणतो, “नाही. अजून बंद नाही. अजून मी मोजलेलं नाही.”

मोजायची तऱ्हा अशी. मीटर घेऊन तो आधी दुसरीकडे, जिथे वीज नक्की आहे तिथे लावून पाहतो. मीटर आकडा दाखवतो, म्हणजे मीटर जिवंत आहे. मग तोच मीटर गाडीच्या वायरीला लावतो. शून्य. आता हात घालायचा का? अजून नाही. मीटर परत पहिल्या, वीज असलेल्या जागी लावतो. पुन्हा आकडा दाखवला, तरच मधले शून्य खरे.

आम्ही म्हटले, “एकदा पाहिलं तर मग परत कशाला?”

तो म्हणाला, “मधल्या वेळेत मीटरची वायर तुटली असली तर? मीटर मेलं तरी शून्यच दाखवतंय, आणि वीज नसली तरी शून्यच. दोन्ही शून्यं सारखीच दिसत्यात.”

हे ऐकून आम्ही गप्प झालो. आमच्या घरी खुंटीला एक टेस्टर आहे. त्यातला दिवा कधी गेला कुणास ठाऊक. आम्ही तो तारेला लावायचो, दिवा लागला नाही की ‘लाइट नाही’ म्हणायचो आणि हात घालायचो. आमचे नशीब बलवत्तर, दुसरे काय! तेव्हापासून टेस्टर आधी चालू खटक्याला लावून पाहतो. आणि तो नुसता इशाऱ्यापुरता, खात्री मीटरनेच करायची, हेही शिकलो.

अपघाताची गोष्ट राहिली. आपल्या रस्त्यांवर गाडी उलटली की पोलिसांच्या आधी शेतातली माणसे धावतात. ही आपल्या भागाची चांगली रीत आहे. पण हिरव्या पाटीची गाडी असेल तर थोडे जपा. तिचा आवाज येत नाही म्हणून ती बंद आहे असे धरू नका. ती चालू असून गप्प उभी असू शकते. जोराची धडक बसली की बॅटरीची वाट तुटावी अशी सोय केलेली असते आणि तीही परीक्षेत गाडी आपटून पाहिलेली असते. तरीसुद्धा फाटलेल्या पत्र्यातून नारिंगी वायर दिसली तर तिला शिवू नका, कापू नका. माणसांना बाहेर काढा. गाडीच्या तळातून धूर येत असेल किंवा सूं-सूं आवाज येत असेल तर त्यांना लांब न्या आणि तिथे गर्दी करू नका. ती आग विझली असे वाटते आणि तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही, पुन्हा पेटते. तिला पुष्कळ पाणी लागते. घागरीचे काम नव्हे, अग्निशामक बंबाचे आहे. ११२ किंवा १०८ ला फोन करताना ‘विजेची गाडी आहे’ हे तीन शब्द आधी सांगा.

कुणाचा मुलगा-मुलगी दहावी होऊन घरी बसली असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे धंदे पूर्वीपासून शिकवतात. विजेच्या वाहनांचा कारागीर असा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आता निघाला आहे. तो कुठल्या आयटीआयत आहे याची चौकशी करावी. ओहम आणि व्होल्ट यांचा गुणाकार-भागाकार वर आपण केलाच आहे. गणित त्याहून फारसे अवघड नाही. अवघड आहे ते दहा मिनिटे थांबणे.

मागच्या दिवाळीत तो मुलगा घरी आला होता. पंपाची केबल उंदरांनी कुरतडली होती, ती जोडायला बाप निघाला. मुलगा पुढे गेला. मेन बटण पाडले, फ्यूज काढले, खिशात घातले, पेटीला कुलूप लावले. मग मीटर आणायला घराकडे चालला. बाप बांधावरून ओरडला, “काय करायलास रे? पाच मिनिटाचं काम, अन् अर्धा तास झाला की!”

मुलगा म्हणाला, “व्हय. अजून मोजायचं राहिलंय.”

बाप तंबाखू मळत बांधावर बसून राहिला.